सोबतीचा हात आणि माझे बोट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



या सुवर्णमहोत्सवात बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. एका अंध माणसाने स्वतःच्या आयुष्याविषयी बोलावे, अशी सूचना होती. अशा भाषणाकडून थोडे दुःख आणि पुष्कळ जिद्द यांची अपेक्षा असते. माझ्याजवळ दोहोंचा साठा बेताचाच आहे. बँकेच्या टेलिफोन बोर्डावर मी चौतीस वर्षे बसलो, संसार केला आणि निवृत्त झालो. म्हणून आज मी एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे. ती म्हणजे माझे मत.

1980 साली सोलापुरात मी पहिल्यांदा मतदान केले; निदान मला तसे वाटले. माझे थोरले बंधू, आमचे दादा, सोबती म्हणून आत आले होते. शिक्का कोणत्या चिन्हावर मारायचा, ते मी त्यांच्या कानात सांगितले. शिक्का उमटल्याचा आवाज ऐकला, घडी केलेली मतपत्रिका स्वतःच्या हाताने पेटीत टाकली आणि आपण नागरिक झालो, या आनंदात घरी आलो. पुढे बारा वर्षांनी, आजारपणात, दादांनी कबुली दिली, "त्या वेळी शिक्का मी दुसरीकडे मारला रे. तुला तेव्हा राजकारणातलं काय कळत होतं? तुझ्या भल्यासाठीच केलं."

दादांवर राग धरणे मला साधले नाही. माझ्या शाळकरी वयापासून रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवणारे हेच दादा. परंतु त्या दिवशी जी शंका मनात शिरली, ती आजतागायत गेलेली नाही. वाचता वाचता दादा काय काय गाळत असतील? ज्याला मी माझे राजकीय मत म्हणत होतो, ते कितपत माझे होते? डोळस माणसाला फसवायचे तर खोटे बोलावे लागते. अंधाच्या बाबतीत एक परिच्छेद वगळला तरी काम भागते. आणि वगळणारा बहुधा शत्रू नसतो, आपल्यावर प्रेम करणारा असतो.

1983 साली नोकरीनिमित्त मी हैदराबादेत आलो. पुढची पंचवीस-एक वर्षे माझी पत्नी माझी सोबती होती. तिच्या प्रामाणिकपणाविषयी मला कधी शंका आली नाही. मात्र मी कुजबुजलो की ती हमखास विचारी, "काय म्हणालात? पुन्हा सांगा." मग अर्ध्या रांगेला माझा पक्ष कळे. कायद्याने सोबत्यावर बंधने घातली आहेत. त्याचे वय किमान 18 असावे लागते, एका दिवशी त्याला एकाच मतदाराचा सोबती होता येते आणि गुप्तता राखीन, असे लेखी द्यावे लागते. नियम चांगले आहेत. पण गुप्त मतदान म्हणजे नवऱ्याचे मत बायकोलाही कळू नये, ही मुभा. ती डोळस नवऱ्याला होती, मला नव्हती.

2004 साली आपल्याच शहरातल्या आसिफनगर मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत मतदानयंत्रावर ब्रेल अंक लावण्याचा प्रयोग झाला, आणि 2009 च्या लोकसभा निवडणुकीत ही सोय देशभर झाली. त्या दिवशी लोकसभा आणि विधानसभा अशी दोन यंत्रे होती. मी एकटा आत गेलो. उमेदवारांच्या नावांचा ब्रेल कागद आधी हातात मिळाला होता. इथे एक गंमत सांगतो. तेलुगू अक्षरांची वळणे तुमच्यापैकी अनेकांना अजून परकी असतील. 1951 साली भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान पद्धत ठरली. तिच्यात मराठी 'क' आणि तेलुगू 'క' यांचे ठिपके एकच. डोळ्यांना ज्या लिपी वेगळ्या, त्या बोटांना सख्ख्या बहिणी आहेत. घरापासून दूर आलेल्या माणसाला याचा केवढा आधार वाटतो, ते तुम्ही जाणता.

बोटाने अंक शोधला, बटण दाबले, लांब शिट्टी वाजली. दुसऱ्या यंत्रावरही तसेच. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतःचे मत स्वतः दिले. बाहेर येताच पत्नीने विचारले, "कुणाला दिलंत?" मी म्हणालो, "मतदान गुप्त असतं."

म्हणजे सारे आलबेल झाले, असे नाही. 2011 च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या 50 लाखांवर भरली. त्यांतील पुष्कळांना ब्रेल येत नाही. उतारवयात दृष्टी गेलेल्यांना तर क्वचितच. त्यांना सोबती लागणारच. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत सर्व मतदानकेंद्रांवर पडताळणीची चिठ्ठी आली. मत कुणाला गेले, ते काचेआड सात सेकंद दिसते. त्या सात सेकंदांत मी काचेपुढे उभा राहतो आणि विश्वास ठेवतो.

आता आपल्या घरातले बोलतो. मंडळाच्या एका वार्षिक सभेत हात वर करून मतदान चालले होते. शेजारच्या स्नेह्यांनी प्रेमाने माझा हात धरून वर केला. ठराव मंजूर झाला, टाळ्या पडल्या. त्या ठरावाला माझा विरोध होता. मी तसे बोललो नाही, ही माझी चूक. ती आज दुरुस्त करतो.

मंडळाला माझी विनंती साधी आहे. सभेत मत मोजताना बाजूने किती, विरुद्ध किती, हे मोठ्याने सांगावे. अंध किंवा वृद्ध सभासदाला काही वाचून दाखवाल, तेव्हा सगळे वाचा. न आवडणारेही वाचा. रस्ता ओलांडताना हात अवश्य द्या, मी तो आनंदाने धरीन. फक्त कुठे जायचे, ते मला विचारा.

दादा आज हयात नाहीत. ते असते तर त्यांना मतदानकेंद्रापर्यंत मीच नेले असते आणि दाराबाहेर थांबलो असतो.