तालमीची वेळ



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकविले. आणि बोलावयास उभा आहे मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक! या विसंगतीचा खुलासा प्रथम करतो.

मी मुळात विज्ञान शाखेचा विद्यार्थी. महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी पदार्थविज्ञानात नापास झालो. पुस्तक पाच वेळा वाचले होते. जुन्या प्रश्नपत्रिका मात्र ‘सर्व तयारी झाली की सोडवू’ म्हणून जपून ठेवल्या आणि आदल्या रात्री उघडल्या. ओळखीचे वाटणारे एकही उदाहरण सुटेना. वाचलेले ओळखणे निराळे आणि आठवून मांडणे निराळे, हे तेव्हा कळले. पण रात्र संपत आली होती.

पेडणे-डिचोलीच्या माणसाला हे नाटकाच्या भाषेत चटकन उमगेल. जत्रेच्या नाटकाची रंगीत तालीम संहिता हाती पडताच होत नाही. आणि ती प्रयोगाच्या आदल्या रात्रीवरही कोणी ढकलीत नाही. आधी एकेका प्रवेशाची तालीम, मग अंकाची, मग सबंध नाटकाची. पुस्तक उघडे ठेवून प्रश्नपत्रिका सोडविणे म्हणजे प्रॉम्प्टरच्या भरवशावर संवाद म्हणणे होय.

या अनुभवाला शास्त्राचाही आधार आहे. रोडिगर व कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी 81 टक्के आठवले. वाचून एकदा आठवून लिहिणाऱ्यांना 75 टक्के. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले : अनुक्रमे 42 आणि 56 टक्के! फेरवाचनाने मिळणारा आत्मविश्वास असा फसवा असतो.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, धडा संपला की त्याच आठवड्यात पुस्तक मिटून पाच-सहा प्रश्न सोडवा. समीकरण संतुलित करा, वृक्काणूची आकृती न पाहता काढा, भिंगाच्या उदाहरणात चिन्हे स्वतः ठरवा. निम्मा अभ्यास झाला की निरनिराळ्या धड्यांचे प्रश्न मिसळून घ्या. कारण परीक्षेत कोणते सूत्र कोठे लावायचे हे कोणी सांगत नाही. घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका परीक्षेपूर्वी महिनाभर आधी सुरू करा. सगळ्या एकाच आठवड्यात संपवू नका. एक सोडविली की दुसरा दिवस तिच्या चुकांसाठी राखा : कोणती चूक अज्ञानाची, कोणती विस्मरणाची, कोणती घाईची, हे वहीत नोंदवा. शेवटचे दोन दिवस त्या वहीचे आणि पुरेशा झोपेचे.

पालकांना एकच विनंती. सरावातील गुण शेजाऱ्यांना सांगू नका. तालमीत अडखळलेल्या नटाला आपण हसत नाही. तालीम अडखळण्यासाठीच असते.

मी नापास झालो, म्हणून मराठीकडे वळलो. त्याचा मला खेद नाही. परंतु वाट आपण निवडावी, चुकलेल्या वेळापत्रकाने ती निवडू नये. गुरुवर्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.