कारणे द्या



संयोजकांनी मला सॉफ्टवेअरमधल्या माझ्या वाटचालीवर बोलायला सांगितलं होतं. पण मी बोलणार आहे माझ्या बाकावरच्या मैत्रिणीबद्दल. नाव घेत नाही. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आत्तापासूनच डोळे वटारते आहे.

शाळा सुटली, वाटा वेगळ्या झाल्या. मी इंजिनिअर झाले. तिनं बी.कॉम. करून एलएल.बी. केलं, दोन वर्षं कोर्टात ज्युनिअर म्हणून काम केलं आणि २००६ मध्ये बँकेच्या कम्प्लायन्स विभागात नोकरी धरली. मी फोनवर म्हणाले, "काळा कोट टाकून आता फॉर्म तपासणार?" त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही.

काही वर्षांनी एका मीटिंगमध्ये ती समोर! संशयास्पद व्यवहार शोधणारं आमचं सॉफ्टवेअर तिची बँक घेणार होती. तेव्हा ५० हजारांवर रोख भरली की पॅन द्यावा लागायचा. म्हणून सारखे ४८-४९ हजार भरणारी खाती आमचा प्रोग्राम पकडायचा. चाचणीत एक फुलविक्रेता सापडला. मी खूश. तिनं तारखा पाहिल्या: गणपती, नवरात्र, दसरा. म्हणाली, "हा सणाचा गल्ला आहे. आणि याचा पॅन खात्याला आधीच जोडलेला आहे, मग हा लपवतोय काय?"

मनी लाँडरिंगविरोधी कायदा २००२ चा. संशय खरा वाटला, तर बँक दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवते. ग्राहकाला मात्र ते सांगता येत नाही. ती म्हणाली, "कोर्टात आरोपीला वकील मिळतो. इथं या माणसाला पत्ताही नसतो. मग निदान मी तरी कागद नीट वाचायला नकोत का?"

त्याच दुपारी दुसऱ्या एका खात्यावर तिनं तितक्याच शांतपणे संशयाचा शेरा मारला. दोन्हीकडे कारणं लिहिली.

विज्ञानाचे सर आठवले. 'शास्त्रीय कारणे द्या'मध्ये नुसतं उत्तर लिहिलं की भोपळा! आता आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कारण लिहिल्याशिवाय इशारा बंदच करता येत नाही. ती सुधारणा तिची.

त्या फोनची माफी मात्र राहून गेली होती. आज सगळ्यांसमोर मागते. वकीलबाई, तू वकिली सोडलीच नव्हतीस. मलाच ते कळलं नाही.