गाडी ओढतेय



आपल्या बऱ्याच घरांत वडिलांनी हौसेनं घेतलेली एक जुनी गाडी कव्हरखाली उभी असते. धूलपेटहून मूर्ती आणायला ती बाहेर निघते आणि मग पुन्हा कव्हरखाली जाते. आमच्याकडे १९९३ ची मारुती ८०० आहे. तिचं उत्पादनही २०१४ मध्ये थांबलं. आज मी तिच्या ब्रेकबद्दल बोलणार आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात बाबा म्हणाले होते, "ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढतेय रे." मला वाटलं, वयामुळे स्टिअरिंगवरची पकड सैल झाली असेल. "बघू" म्हणालो आणि बघितलं नाही. हरतालिकेच्या दिवशी मूर्ती घेऊन परतताना कोठीजवळ समोरची रिक्षा अचानक थांबली. मी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडच्या फुलांच्या हातगाडीवर गेली. वीतभर अंतर राहिलं. मागे माझी मुलगी मूर्ती मांडीवर धरून बसली होती. बाबा एक शब्द बोलले नाहीत.

विसर्जनानंतर ओळखीच्या उस्तादांना घरी बोलावलं. डावं चाक तापतं, म्हणजे दोष डावीकडे, असं मी सांगितलं. त्यांनी पुढची चाकं उचलली आणि बाबांना ब्रेक दाबायला सांगितलं. डावं चाक घट्ट बसलं, उजवं हातानं फिरत राहिलं. उस्ताद हसले, "साब, जो गरम है वो काम कर रा. ठंडा वाला कामचोर है." हे लक्षात ठेवा. फक्त ब्रेक दाबल्यावर गाडी ओढत असेल, तर बहुधा दुसऱ्या बाजूचा ब्रेक धरत नसतो. ब्रेक सोडल्यावरही ओढत आणि तापत असेल, तर त्याच बाजूचा सुटत नसतो.

उजव्या कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकला होता. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो, ते हवेतला ओलावा शोषतं. त्यातून आत गंज धरतो, शिवाय उकळण्याचं तापमान उतरतं. डॉट ३ साठी ठरलेली किमान मर्यादा नव्याला २०५ अंश, तर ओलावा शिरलेल्याला १४० अंश सेल्सिअस असते. आमचं कित्येक वर्षांत बदललेलंच नव्हतं.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं पिस्टन उडवू, असं मी सुचवलं. "नक्को साब, हवा नक्को मारो!" दाबलेली हवा एकदम पसरते, पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोटं चिरडतात. द्रवाचं तसं नसतं. पिस्टन जरा सरकला की त्यामागचा दाब उतरतो. म्हणून पाइप जोडलेलाच ठेवून कॅलिपर उतरवला, पॅड काढले, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवला. ब्रेकवर बाबाच बसले. तीस वर्षांचा त्यांचा पाय, किती दाबायचं हे सांगावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी पिस्टन हलला नाही. कडेला गंज सोडवायचं तेल टाकून रात्रभर ठेवलं. सकाळी 'कट्' असा आवाज आला. पुढे ओढायची घाई केली नाही. शिकंज्यानं मागे दाबायचा, ब्रेकनं पुढे आणायचा, असं चार-पाच वेळा केलं, तेव्हा तो हातात आला. त्यावर गंजाचे खड्डे होते, म्हणून नवाच घेतला. विवेकवर्धिनीजवळ जांबाग-पुतलीबावलीला सुट्या भागांची दुकानं आहेतच. रबरी सील दोन्ही बाजूंचे बदलले. साध्या तेलानं हे रबर फुगतं. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे ओढतो तो हाच सील. शेवटी नवं ब्रेक ऑइल भरून हवा काढली आणि रिकाम्या रस्त्यावर सावकाश तपासून पाहिलं.

हे काम जाणकाराशिवाय करू नका. पण ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, पंधरा दिवसांतून एकदा गाडी फिरवा आणि मूर्ती आणायच्या आठवडाभर आधी ब्रेक तपासून घ्या.

आणि घरातलं वडीलधारं माणूस "गाडी ओढतेय" म्हणालं, तर त्याच दिवशी चाक उचलून बघा. यंदा मूर्ती आणताना गाडी बाबांनी चालवली. मी मूर्ती धरून मागे बसलो होतो.

गणपती बाप्पा मोरया!