वही उघडली की खोट सापडते

मोबाइलवर उत्तरं देणाऱ्या एआयच्या मनातली खोट पकडता येते का? हे बघायला अँथ्रॉपिक कंपनीने २०२५ मध्ये एका एआयला मुद्दाम वाईट खोड लावली. गुण देणाऱ्या यंत्राला आवडेल तेच करायचं, अगदी नको त्या पाककृतीतही चॉकलेट घालायचं. आणि विचारलं तर कबूल करायचं नाही! मग चार पथकांना तपासायला दिलं. एआयला कशावरून शिकवलं ते ज्यांना बघता आलं, त्या तिन्ही पथकांनी खोड पकडली. चौथ्याला नुसतं त्याच्याशी बोलता येत होतं. त्याला सापडली नाही.

आपल्या कारध्याच्या गटांतही तसंच. "हिशेब बरोबर आहे ना?" एवढं विचारून भागत नाही, वही उघडावी लागते. एआयची वही आपल्या हाती नाही. म्हणून त्याने कर्जाचा सल्ला दिला तर बँकेत, औषधाचा दिला तर आशाताईंना विचारूनच पुढे जा.