औषधाची झोप आणि हरपलेली शुद्ध

(मीरा-भाईंदर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाईंदरच्या फलाटावर एखादा गृहस्थ एकाएकी कोसळतो. हृदयक्रिया बंद पडलेली असते. कोणी जाणता माणूस छाती दाबू लागतो, विजेचा धक्का दिला जातो आणि ठोके परत येतात. घरच्यांना वाटते, संकट टळले. परंतु रुग्ण डोळे उघडत नाही. दुसरा दिवस उलटतो, तशी अतिदक्षता विभागाबाहेर कुजबूज सुरू होते : "आता काही उरले नाही, घरी न्यावे." या दोन-तीन दिवसांविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

हृदय थांबताच काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. हे झाले एक कारण. दुसरे कारण आपल्या लक्षातच येत नाही. श्वासनलिकेतील नळी सहन व्हावी, कुडकुडणे व झटके थांबावेत, म्हणून डॉक्टर मिडाझोलाम, प्रोपोफोल, फेंटानिल यांसारखी गुंगी आणणारी औषधे देतात. तेव्हा समोरचा निश्चल देह इजेने निश्चल आहे की औषधाने, हे खाटेशेजारी उभे राहून कोणालाही सांगता येणार नाही.

औषध बंद केले म्हणजे अंमल उतरला, असेही नाही. त्याचा निचरा यकृत व मूत्रपिंडे करतात आणि या आघातात तीही दुखावलेली असू शकतात. वृद्धांत, किंवा शरीर मुद्दाम थंड ठेवले असल्यास, मिडाझोलाम फार रेंगाळते. म्हणूनच युरोपातील तज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, निदान ७२ तास जावे, गुंगीचा परिणाम नाही याची खात्री व्हावी आणि मगच अंदाज बांधावा. तोही एका तपासणीवर नव्हे, तर बाहुल्यांची प्रतिक्रिया, मेंदूचा विद्युत आलेख, चित्रण असे अनेक पुरावे जुळल्यावर. काही रुग्ण आठवड्यानंतरही शुद्धीवर येतात. सगळेच येतात, असे मात्र नव्हे. खोटी आशा दाखवणे हेही क्रौर्यच होय.

अशा वेळी आपल्याकडे अरुणा शानबाग यांचे नाव हटकून निघते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर १९७३ साली हल्ला झाला, गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि २०१५ पर्यंत, सुमारे ४२ वर्षे, सहकारी परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्याच प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जीवनरक्षक उपचार थांबविण्याविषयी महत्त्वाचा निर्णय दिला. पण वर्षानुवर्षांची ती अवस्था निराळी आणि तिसऱ्या दिवसाचा गुंगीतला रुग्ण निराळा. त्या भयाने या रुग्णाचा निवाडा करू नये.

गावात किंवा वस्तीत अशी वेळ आली, तर आपल्यापैकी कोणी तरी कुटुंबाबरोबर जावे. डॉक्टरांना शांतपणे विचारावे : गुंगीचे औषध कोणते, ते केव्हा थांबविले, मूत्रपिंडे कशी आहेत, पुढील तपासणी केव्हा? उत्तरे तारीख-वेळेसह वहीत उतरवावीत. खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठावे. घरी नेण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी ती वही पुन्हा एकदा डॉक्टरांसमोर उघडावी.