इटालियन आणि लाओशियन : दोन समाजांच्या सुस्थितीची तुलना

(आपल्या मंडळाच्या मासिक सभेतील भाषण, ध्वनिमुद्रणावरून उतरवलेले)



मागच्या सभेनंतर चहापानाच्या वेळी आपल्यातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी एक मत मांडले. "इटालियन लोक रिकाम्या हाताने या देशात आले आणि आज पाहा कुठवर पोहोचले. लाओसहून आलेल्या लोकांना येऊन पन्नास वर्षे होत आली, तरी ते मागेच. शेवटी फरक माणसात असतो," असे ते म्हणाले. पुष्कळांनी माना डोलावल्या. मी तेव्हा काही बोलले नाही. परंतु चिटणीसबाईंनी माझा चेहरा पाहिला असावा, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांचा दूरध्वनी आला की, पुढच्या सभेत याच विषयावर तुम्ही बोला. मी अर्थशास्त्राची पदवीधर नाही. परिचारिकेची पदविका आणि चाळीस वर्षांची नोकरी एवढेच माझे भांडवल. पण आकडे वाचण्याची सवय त्या नोकरीनेच लावली.

रुग्णालयात खाटेच्या पायथ्याशी तापाचा तक्ता लावलेला असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या विसाव्या दिवसाच्या रोग्याचा तक्ता आणि दुसऱ्या दिवसाच्या रोग्याचा तक्ता शेजारी ठेवून, "हा रोगी धडधाकट आणि तो अशक्त प्रकृतीचा," असे कोणी म्हटले, तर त्या शिकाऊ परिचारिकेला आमची मेट्रन वॉर्डाबाहेर काढील. दिवस कितवा, हे आधी पाहायचे. समाजांच्या बाबतीत मात्र ही साधी खबरदारी आपण सर्रास विसरतो.

इटालियनांचा दिवस कितवा? 1880 ते 1920 या चाळीस वर्षांत चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत आले. त्यांतील बहुसंख्य दक्षिण इटलीतले आणि सिसिलीचे. भूमिहीन किंवा तुकडाभर जमिनीवर राबणारे शेतमजूर. 1911 साली प्रसिद्ध झालेल्या डिलिंगहॅम आयोगाच्या नोंदींप्रमाणे दक्षिण इटलीहून येणाऱ्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी भुयारी रेल्वेचे बोगदे खणले, विटा वाहिल्या, खाणींत काम केले. 'पाद्रोने' म्हणून ओळखला जाणारा मुकादम त्यांना काम मिळवून देई आणि त्यांच्या मजुरीतला लचकाही तोडी. स्त्रिया घरी बसून कृत्रिम फुले करीत, कपड्यांना शिलाई करीत. शेजारी मुलेही हात चालवीत. 1911 साली न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली आणि 146 जीव गेले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या, काही इटालियन आणि काही आपल्या ज्यू. त्या दोन समाजांची दैना तेव्हा एकाच मजल्यावर, एकाच कुलूपबंद दारामागे होती.

त्या काळी या इटालियनांविषयी काय बोलले जात होते, हे वाचले की मन विषण्ण होते. गुन्हेगार, अडाणी, या देशात कधीच न मिसळणारे. 1891 साली न्यू ऑर्लिन्समध्ये अकरा इटालियनांना जमावाने ठार मारले. 1924 च्या कायद्याने त्यांचा वार्षिक कोटा चार हजारांच्याही खाली आणला गेला. म्हणजे येऊन चाळीस वर्षे झाल्यावर या देशाचा त्यांच्याविषयीचा निवाडा हाच होता की, "फरक माणसात असतो."

मग ते वर कसे आले? कष्टाने आले, यात शंका नाही. परंतु कष्ट तर 1900 सालीही होते आणि तेव्हा ते गरीबच होते. शाळेविषयी त्यांच्या घरांत ओढ कमी होती. चौदाव्या वर्षी मुलाने कमाईला लागावे, हा दक्षिण इटलीच्या शेतकऱ्याचा हिशेब त्यांनी सोबत आणला होता. लिओनार्ड कोवेलो नावाचे एक इटालियन शिक्षक 1934 साली ईस्ट हार्लेममधील बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. आईबापांना शाळेत आणण्यासाठी त्यांनी उभा जन्म वेचला. त्याच वर्षी ला गार्डिया न्यूयॉर्कचे महापौर झाले. (त्यांची आई ट्रिएस्टची ज्यू होती, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांची सख्खी बहीण रावेन्सब्रुकच्या छळछावणीतून वाचून परत आली.) एका इटालियनाने महापौर होईपर्यंत सामान्य इटालियन कुटुंब मात्र अजून भाड्याच्या दोन खोल्यांतच होते.

खरा पालट दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. 1944 च्या जी. आय. कायद्याने युद्धावरून परतलेल्या तरुणांना महाविद्यालयाची फी आणि घराचे कर्ज दिले. कारखाने जोरात होते, कामगार संघटना बळकट होत्या, हायस्कूलदेखील न शिकलेल्या माणसाच्या पगारात घर, मोटार आणि मुलांचे शिक्षण भागत होते. उपनगरे उभी राहत होती आणि त्यांत इटालियनांना घर मिळत होते. कृष्णवर्णीय सैनिकांना त्याच उपनगरांची दारे बहुधा बंद होती, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे. महायुद्धानंतर जन्मलेली इटालियन पिढी महाविद्यालयात इतरांच्या बरोबरीला आली. जोएल पर्लमन या अभ्यासकाने 2005 साली एक ग्रंथ लिहून दाखवून दिले की, बरोबरी साधण्यास इटालियनांना आज समजले जाते त्यापेक्षा पुष्कळ अधिक काळ, म्हणजे तीन-चार पिढ्या, लागला. आज कोटी-दीड कोटीहून अधिक अमेरिकन आपले मूळ इटालियन सांगतात आणि त्यांचे कौटुंबिक उत्पन्न देशाच्या सरासरीहून वरचे आहे. पण लक्षात घ्या, हे सांगणारे पणतू आहेत. आणि त्यांतल्या कित्येकांची आजी आयरिश, तर आजोबा जर्मन.

आता लाओसकडे वळू. या देशाविषयी आपल्याला फार कमी ठाऊक असते, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

व्हिएतनामच्या युद्धाच्या काळात, 1964 ते 1973 या नऊ वर्षांत, अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्या युद्धाची घोषणा कधी झालीच नाही. डोंगरात राहणाऱ्या ह्मोंग लोकांची एक सेना सी. आय. ए. ने उभी केली. त्यांची कोवळी मुलेही लढली आणि मेली. 1975 साली अमेरिका निघून गेली, डिसेंबरात साम्यवादी पाथेट लाओ पक्षाची सत्ता आली आणि सूड सुरू झाला. लोक रात्री मेकाँग नदी पोहून, बांबूच्या तराफ्यांवरून थायलंडमध्ये पळाले. तेथील छावण्यांत काहींची पाच-पाच, दहा-दहा वर्षे गेली. मग ते अमेरिकेत आले.

'लाओशियन' हा एकच समाज नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. मेकाँगकाठचे भातशेती करणारे बौद्ध लाओ वेगळे, डोंगरातले ह्मोंग वेगळे, मिएन वेगळे, ताई दाम वेगळे. ताई दाम लोकांना आयोवाचे गव्हर्नर रॉबर्ट रे यांनी एकगठ्ठा आपल्या राज्यात वसवले. ह्मोंग मुख्यतः मिनेसोटातील सेंट पॉल, विस्कॉन्सिन आणि कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे एकवटले. सरकारने त्यांना आधी देशभर विखरून टाकले होते. पण ज्यांची सगळी व्यवस्था कुळांवर उभी आहे, ते एकटे कसे राहणार? ते आपापल्या कुळाकडे परत जमले. आपण बेने इस्राएल लोकांनी काय वेगळे केले?

त्यांच्या भाषेला लिपी मिळाली तीच 1950 नंतर. म्हणजे इटालियन मजुराला वाचता येत नव्हते, पण त्याच्या गावात पाद्री तरी वाचत होता. येथे आजोबांच्या पिढीत लिहिणे हीच वस्तू नवी होती. आणि इटालियन मनुष्य स्वतः ठरवून आला होता. जमले नाही, तर तो परत जाई. शंभरांतले निदान तीस परत गेले, असे इतिहासकार मानतात. मागे राहिले ते बहुधा ज्यांचे बस्तान बसले ते. लाओसच्या माणसाला परतीची बोट नव्हती. यशस्वी, अयशस्वी, आजारी, म्हातारे, विधवा, सगळे येथेच राहिले आणि सगळे सरासरीत धरले गेले.

ते आले तेव्हाचा काळही पाहा. 1982 साली या देशात बेकारी दहा टक्क्यांच्या वर गेली होती. ज्या कारखान्यांनी इटालियनांच्या मुलांना मध्यमवर्गात आणले, ते बंद होत होते. शिक्षण नसलेल्यास उरली ती मांस कापण्याची, कोंबड्या साफ करण्याची आणि जुळणीची कामे, आणि त्या कामांचा पगार घसरत होता. शिडी तीच होती, पण तिच्या मधल्या पायऱ्या काढून घेतलेल्या होत्या.

आता आकडे. 1990 च्या जनगणनेत ह्मोंग लोकांपैकी शंभरात साठाहून अधिक दारिद्र्यरेषेखाली होते, इतर लाओशियनांपैकी सुमारे पस्तीस. देशाचे प्रमाण तेरा होते. दहा वर्षांनी, 2000 साली, ह्मोंग अडतीसवर आले आणि लाओशियन एकोणिसाच्या आसपास. एका दशकात जवळजवळ निम्मे! आमच्या वॉर्डात कोणाचा ताप असा उतरला असता, तर आम्ही डॉक्टरांना हसतमुखाने बोलावले असते. पुढच्या पाहण्यांत लाओशियनांचे दारिद्र्य देशाच्या प्रमाणाच्या पुष्कळच जवळ आलेले दिसते. पदवीधरांची संख्या मात्र अजून स्पष्टपणे कमी आहे. 2000 साली त्यांच्या पंचवीस वर्षांवरील प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांकडे हायस्कूलचा दाखलाही नव्हता, हे पाहता त्यात नवल नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. 'कौटुंबिक उत्पन्न' हा आकडा फसवा आहे. घरात चार माणसे मिळवती असतील, तर त्या घराचे उत्पन्न चांगले दिसते; खाणारी तोंडे किती, हे त्यात येत नाही. 2000 साली सरासरी ह्मोंग घरात सहा माणसे होती. लाओशियन कुटुंबाचे उत्पन्न देशाच्या मानाने फार मागे दिसत नव्हते, पण दरडोई उत्पन्न काढले, तर ते जवळजवळ निम्मेच भरत होते. इटालियन घरात माणसे कमी, तिथे जास्त. म्हणून दोन समाजांची सुस्थिती तोलताना दरडोई आकडा मागावा, आणि जमल्यास घर स्वतःचे की भाड्याचे, हेही विचारावे.

आणखी एक गोष्ट आपल्याशी थेट संबंधित आहे. सरकारी तक्त्यांत लाओशियन आणि आपण भारतीय एकाच 'एशियन' रकान्यात बसतो. त्या रकान्याची सरासरी उत्तम दिसते आणि ती उत्तम दिसते त्यात भारतीयांचा वाटा मोठा आहे. परिणामी फ्रेस्नोच्या शाळेतल्या ह्मोंग मुलाला कोणी शिष्यवृत्ती देऊ लागले, तर "एशियन मुलांना मदत कशाला?" असा प्रश्न येतो. आपल्या पगारामुळे त्याची गरिबी झाकली जाते.

आणि आपण का पुढे आहोत? 1965 च्या कायद्याने या देशाने हुन्नर असलेली माणसे वेचून घेतली. मी आले ती परिचारिकेची पदविका आणि इंग्रजी घेऊन. ते इंग्रजी माझ्या पणजोबांना मुंबईच्या मिशन शाळेत मिळाले होते. त्यांच्या आधीचे आमचे लोक कोकणात घाणा चालवीत होते, शनवार तेली म्हणवून घेत होते. घाण्यापासून इस्पितळापर्यंतची ती शंभर-दीडशे वर्षे आमची मुंबईत आणि कोकणातच होऊन गेली होती. या देशाने त्यांचा खर्च केला नाही. लाओसच्या माणसाला ती सारी वाटचाल याच देशात, जनगणनेच्या डोळ्यांसमोर करावी लागत आहे.

काहींनी ती झपाट्याने केली. 2002 साली मी मुआ या ह्मोंग वकील मिनेसोटाच्या सिनेटवर निवडून आल्या. सेंट पॉलच्या शेतकरी बाजारात आज भाजी घ्यायला जा, निम्मे गाळे त्यांचे वाटतात. सुनी ली या मुलीचे 2021 सालचे ऑलिंपिक सुवर्णपदक तर आपल्या नातवंडांनीही पाहिले. पण मोठी नावे सांगून समाजाची प्रकृती कळत नाही. ला गार्डियांच्या वेळीही कळली नव्हती.

मला चिंता वाटते ती त्यांच्या म्हाताऱ्यांची. आपल्यापैकी बहुतेकांना सोशल सिक्युरिटीचे निवृत्तिवेतन मिळते, कारण आपण दहा वर्षे, म्हणजे चाळीस तिमाह्या, भरल्या. पन्नाशीत छावणीतून आलेल्या, भाषा न येणाऱ्या माणसाने त्या कशा भराव्यात? तो गरिबांसाठीच्या सरकारी मदतीवर राहतो, आणि 1996 साली कायदा बदलला, तेव्हा नागरिक नसलेल्या निर्वासितांसाठी तीही मुदतीची झाली. नागरिक व्हायचे, तर परीक्षा इंग्रजीत. अखेर 2000 साली खास कायदा करून, त्या गुप्त युद्धात लढलेल्या ह्मोंग सैनिकांना आणि त्यांच्या पत्नींना इंग्रजीची अट माफ करण्यात आली. लढून पंचवीस वर्षे झाल्यावर!

आजही त्या पिढीतील आजीबाई तपासणीस येतात, तेव्हा बहुधा नात दुभाषी असते. ती कामावरून अर्धा दिवस रजा काढून आलेली असते आणि तो अर्ध्या दिवसाचा पगार बुडतो. हा खर्च कुठल्याच तक्त्यात लिहिलेला नसतो. आपल्या मंडळातील ज्या भगिनी इस्पितळांत आणि दवाखान्यांत अजून नोकरीस आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, दुभाषी मागण्याचा रोग्याला हक्क आहे, त्याचे पैसे त्याला पडत नाहीत, हे त्या नातीला पहिल्याच भेटीत सांगावे. पुष्कळदा ते तिला कोणी सांगितलेलेच नसते.

काही प्रश्न असतील, तर विचारावेत.