भांडारांचा अग्रक्रम



एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्या ग्रंथालयातील दोन कपाटांत असतील, तर वाचकाच्या हाती कोणती द्यावयाची? साधा नियम असा, की नवी द्यावी. परंतु ‘अमुक कपाटातील प्रत आधी’ अशी सूचना ग्रंथपालाने लिहून ठेवली असेल, तर नव्याजुन्याचा विचार मागे पडतो. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकापुढे हाच प्रश्न नित्य उभा राहतो. तेथे ग्रंथाच्या जागी पॅकेज म्हणजे तयार आज्ञावलीचे गाठोडे असते. कपाटाच्या जागी रिपॉझिटरी, म्हणजे अशा गाठोड्यांचे भांडार असते. आणि ग्रंथपालाचे काम पॅकेज मॅनेजर करतो.

डेबियन ह्या १९९३ साली सुरू झालेल्या प्रकल्पाने १९९९ मध्ये आपल्या २.१ ह्या आवृत्तीबरोबर ‘एपीटी’ हा व्यवस्थापक दिला. सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारलेली असल्यामुळे तिलाही हेच नियम लागू पडतात. एपीटी प्रत्येक भांडाराला एक अंक देतो. सामान्य भांडाराचा अंक ५०० असतो व संगणकावर आधीच बसविलेल्या प्रतीचा १००. ज्याचा अंक मोठा, त्याची प्रत निवडली जाते. अंक समान असतील, तरच आवृत्तीचा नवेपणा पाहिला जातो. एरवी एपीटी बसविलेल्या प्रतीहून जुनी प्रत घेत नाही. परंतु अंक १००० वा त्याहून अधिक असेल, तर नवी प्रत काढून जुनी बसविण्यासही तो तयार होतो.

आता रायपुरातील बूढापारा वस्तीत एखाद्या वाचनालयाने वाचकांसाठी असा संगणक ठेवला आहे, अशी कल्पना करावी. चित्रे काढण्याची एक आज्ञावली हवी म्हणून कोणी तरी बाहेरचे भांडार जोडले आणि ‘प्रेफरन्सेस’ ह्या नियमपत्रात पॅकेजाच्या नावाच्या जागी तारकाचिन्ह घालून १००१ हा अंक लिहिला. तारकाचिन्हाचा अर्थ ‘सर्व पॅकेजे’ असा होतो. त्या भांडारात चित्रांच्या आज्ञावलीसोबत काही मूलभूत पॅकेजेही होती. तीही तेथूनच येऊ लागली. पुढे डेबियनने त्यांतील एकाची सुरक्षिततेची दुरुस्ती पाठविली. तिचा अंक ५००. म्हणून ती दाराशीच राहिली. अद्ययावत करण्याची आज्ञा दिली असता ‘करण्याजोगे काही उरलेले नाही’ असे उत्तर येते. कोठेही दोष दिसत नाही, आणि खरा धोका ह्या शांततेतच आहे.

अशा वेळी प्रथम काही बदलू नये, पाहावे. ‘एपीटी-कॅश पॉलिसी’ ह्या आज्ञेपुढे पॅकेजाचे नाव लिहिले, की बसविलेली प्रत कोणती, निवडलेली कोणती आणि प्रत्येक भांडाराचा अंक किती, ह्याचे कोष्टक समोर येते. १००१ हा अंक तेथे उघडा पडतो. मग बाहेरच्या भांडाराच्या सरसकट नियमाचा अंक १०० करावा व चित्रांच्या त्या एका पॅकेजापुरताच स्वतंत्र, मोठा अंक नाव घेऊन लिहावा. पुन्हा कोष्टक पाहावे, आणि प्रत्यक्ष बदल न करता नुसती तालीम दाखविण्याची जी सोय एपीटीत आहे ती वापरून मगच आज्ञा द्यावी. बाहेरून आलेल्या प्रतीचा आवृत्तिक्रमांक डेबियनच्या प्रतीहून वरचा असेल, तर ती आपोआप हटत नाही. तेव्हा हवी ती आवृत्ती नाव घेऊन बसवावी लागते.

फेडोराचा ‘डीएनएफ’ व ओपनसुसेचा ‘झिपर’ ह्यांत रीत नेमकी उलटी आहे. तेथे मूळ अंक ९९ असतो आणि लहान अंकाला मान मिळतो. एका घराण्याचा नियम दुसऱ्या घराण्यात तसाच उतरविला, की अर्थ उलटतो.

मग अग्रक्रम नकोतच, असे म्हणावे काय? २०१४ सालचे उदाहरण ह्याविरुद्ध साक्ष देते. त्या वर्षी ७ एप्रिल रोजी ‘ओपनएसएसएल’मधील ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. १.०.१एफ पर्यंतच्या प्रती सदोष होत्या. डेबियनने १.०.१ई हीच आवृत्ती ठेवून तिच्यात दुरुस्ती केली व क्रमांकाचे केवळ शेपूट बदलले. एखाद्या बाहेरच्या भांडारातील सदोष ‘एफ’ प्रत ह्या दुरुस्त ‘ई’ प्रतीहून क्रमांकाने नवी ठरली असती! ‘नवे ते सुरक्षित’ हा नियमही पुरेसा नाही.

म्हणून कोणत्या भांडारावर कशासाठी विश्वास ठेवावयाचा, हे माणसालाच ठरवावे लागते. तो विश्वास शक्य तितक्या थोड्या पॅकेजांपुरता असावा. नियमपत्रात प्रत्येक अंकाशेजारी त्याचे कारण व तारीख टिपून ठेवण्यास जागा असते. संगणक सांभाळणारी व्यक्ती बदलली, तरी तो अंक तेथे का आला हे पुढच्या व्यक्तीला त्या टिपणावरून कळेल, आणि त्याची गरज संपली असेल तर तो निःशंकपणे काढून टाकता येईल.